दोन इंजिनांच्या विमानाचे प्रशिक्षण: एक इंजिन बंद असल्याचा सराव सुरक्षितपणे कसा करावा

दोन इंजिनांच्या लहान विमानांचे प्रशिक्षण चालू असताना जे अपघात झाले, त्यांपैकी अनेकांतली एक गोष्ट मनाला फार लागते: विमानाची दोन्ही इंजिने ठणठणीत होती. एक इंजिन बंद पडल्यावर काय करायचे हे शिकवण्यासाठी प्रशिक्षकाने त्याची शक्ती स्वतःच्या हाताने कमी केली, आणि पुढच्या काही सेकंदांत विमान दोघांच्याही ताब्यातून गेले. असे अपघात टाळता येतात. ते कसे टाळावेत, हे प्रशिक्षणार्थी आणि प्रशिक्षक अशा दोघांसाठीही येथे लिहीत आहे. या उड्डाणाची सुरक्षितता हातापायांच्या चपळाईवर फार थोडी अवलंबून असते. सराव किती उंचीवर करायचा, कोणत्या वेगाच्या खाली करायचा नाही आणि कोणते चिन्ह दिसताच तो सोडून द्यायचा, हे जमिनीवर असतानाच पक्के ठरले आहे की नाही, यावर ती अवलंबून असते, असे माझे ठाम मत आहे. आपल्या विमानाच्या पुस्तिकेत आणि आपल्या नियामकाच्या नियमांत जे सांगितले असेल, ते अर्थातच या लेखातील कोणत्याही सूचनेपेक्षा वरचढ मानावे.

एका इंजिनावर विमानाचे काय होते

दोनपैकी एक इंजिन गेले म्हणजे निम्मी शक्ती गेली, हे खरे. पण चढण्याची क्षमता निम्म्यावर थांबत नाही, ती साधारणपणे ८० ते ९० टक्क्यांनी घटते. समतल उडत राहण्यासाठी जी शक्ती लागते ती आधी वजा होते आणि जी उरते तिच्यावरच विमान चढते, म्हणून हा फरक पडतो. अमेरिकेतील ज्या प्रमाणन नियमांखाली प्रशिक्षणातली बहुतेक जुनी विमाने तयार झाली, त्यांत ६००० पाउंड किंवा त्याहून कमी वजनाच्या आणि ६१ नॉट (ताशी सागरी मैल) किंवा त्याहून कमी वेगाला स्टॉल होणाऱ्या, म्हणजे पंखांची उचल तुटणाऱ्या, विमानाने एका इंजिनावर चढून दाखवलेच पाहिजे, अशी सक्ती नव्हती. तेव्हा उष्ण दिवशी, उंचावरच्या विमानतळावरून, भरल्या वजनाने उड्डाण करताना एका इंजिनावर आपले विमान चढेल की नाही, हे पुस्तिकेतील तक्त्यावरून त्या दिवसाच्या तापमानासाठी काढून कागदावर लिहावे. आकडा शून्याच्या जवळ येत असेल, तर त्या दिवशी उड्डाणानंतर लगेच इंजिन बंद पडल्याचा सराव करू नये.

चढ कमी होणे हा अर्धा प्रश्न झाला. चालू इंजिन विमानाचे नाक बंद इंजिनाच्या बाजूला वळवते, आणि त्यापाठोपाठ त्याच बाजूचा पंख खाली जाऊ लागतो. हे वळणे रोखण्याचे काम रडर, म्हणजे शेपटीवरचा पायांच्या पेडलने हलणारा उभा पडदा, करतो. पण रडरचा जोर त्यावरून वाहणाऱ्या हवेच्या वेगावर अवलंबून असल्यामुळे एका विशिष्ट वेगाच्या खाली पूर्ण रडर दाबूनही नाक थांबत नाही. हाच किमान नियंत्रण वेग, ज्याला वैमानिक व्हीएमसी म्हणतात. वेगदर्शकावर तो लाल रेषेने दाखवलेला असतो, आणि एका इंजिनावर सर्वांत चांगला चढ देणारा वेग निळ्या रेषेने. पायपर सेमिनोल या दोन इंजिनांच्या प्रशिक्षण विमानात लाल रेषा ५६ नॉटवर आणि निळी रेषा ८८ नॉटवर आहे. या दोहोंखेरीज आणखी एक वेग असतो, ज्याच्या खाली एखादे इंजिन जाणूनबुजून बंद करू नये असे निर्माता सांगतो. सेमिनोलसाठी तो ८२ नॉट आहे. या वेगाची डायलवर खूण नसते, त्यामुळे तो पाठच असला पाहिजे. प्रशिक्षणाच्या दृष्टीने मी या तिसऱ्या आकड्याला सर्वांत जास्त महत्त्व देतो, कारण तो विशेषतः सरावासाठीच ठरवलेला आहे.

लाल रेषेच्या वर आहोत म्हणजे सुरक्षित आहोत, ही समजूत धोक्याची आहे. ती रेषा ठराविक परिस्थितीत मोजलेली असते: बंद इंजिनाचा प्रॉपेलर हवेने फिरत आहे, चालू इंजिन उड्डाणाच्या पूर्ण शक्तीवर आहे, चाके वर आहेत, गुरुत्वमध्य परवानगीच्या मर्यादेत सर्वांत मागे आहे आणि विमान चालू इंजिनाच्या बाजूला जास्तीत जास्त ५ अंश कललेले आहे. यातला कल सर्वांत महत्त्वाचा. तो ५ अंशांहून जितका कमी, तितका प्रत्यक्ष किमान नियंत्रण वेग वाढतो, आणि ही वाढ एका अंशामागे ३ नॉटहूनही जास्त असू शकते. पंख समतल ठेवले, तर छापील आकड्याच्या जवळजवळ २० नॉट वर असतानाही नाक हातातून सुटू शकते. दुसरी गोष्ट विमानाच्या वजनाची. विमान हलके असेल तर हा वेग वाढतो, कारण कललेल्या विमानाचे वजन चालू इंजिनाच्या बाजूला जी ओढ देते ती कमी पडते. आणि प्रशिक्षणाच्या उड्डाणात सामान नसते, मागच्या आसनांवर कोणी नसते, म्हणजे विमान हलकेच असते.

उंचीचा परिणाम नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण येथे दोन गोष्टी उलट दिशांनी चालतात. टर्बोचार्जर (इंजिनात दाबून हवा भरणारे यंत्र) नसलेल्या इंजिनाची शक्ती उंचीबरोबर घटते, त्यामुळे नाक वळवणारी ओढ घटते आणि किमान नियंत्रण वेग खाली येतो. स्टॉलचा दर्शवलेला वेग मात्र जवळपास तसाच राहतो. म्हणजे जसजसे वर जावे तसतसे हे दोन वेग एकमेकांजवळ येतात, आणि एका उंचीवर ते एक होतात. त्या ठिकाणी नाक वळायला लागणे आणि पंख स्टॉल होणे एकाच क्षणी घडते. स्पिन, म्हणजे स्टॉल झालेल्या विमानाचे गिरक्या घेत खाली पडणे, सुरू होण्यासाठी हेच दोन घटक लागतात, आणि दोन इंजिनांच्या लहान विमानांना स्पिनमधून बाहेर येऊन दाखवण्याची चाचणी द्यावी लागलेली नसते. म्हणून विमान उंचावर असताना स्टॉलचा इशारा वाजला की सराव तिथेच संपला असे समजावे, मग नाक अजून सरळ असले तरीही.

उड्डाणापूर्वीची बोलणी

ब्रीफिंग हा शब्द वापरून वापरून झिजला आहे, पण या उड्डाणात तो विमानाच्या भागांइतकाच खरा भाग आहे. तीन प्रश्नांची उत्तरे दोघांनी एकमेकांना मोठ्याने सांगावीत. पहिला: इंजिन बंद पडल्याचा सराव कधी होणार आणि कधी होणार नाही. दुसरा: इंजिन खरोखर बंद पडले तर विमान कोण उडवणार. तिसरा: नियंत्रण एकाकडून दुसऱ्याकडे जाताना कोणते शब्द वापरणार. “मी घेतो” असे प्रशिक्षकाने म्हटले की प्रशिक्षणार्थ्याने हात आणि पाय दोन्ही काढून घ्यावेत आणि “घ्या, दिले” असे उत्तर द्यावे. पाय पेडलवर दाबून ठेवलेला प्रशिक्षणार्थी हा प्रशिक्षकासाठी बंद इंजिनाहून मोठा अडथळा असतो. सराव आणि खरा बिघाड यांत गोंधळ होऊ नये म्हणून “सराव” हा शब्द प्रत्येक वेळी उच्चारायचा, असेही ठरवून घ्यावे.

प्रशिक्षणार्थ्याने उड्डाणापूर्वी स्वतःच्या तोंडाने असेही सांगावे की, धावपट्टीवर असताना इंजिन गेले तर दोन्ही थ्रॉटल (इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणारे लिव्हर) बंद करून ब्रेक लावीन. हवेत आलो पण चाके खाली आहेत आणि समोर धावपट्टी शिल्लक आहे, तर दोन्ही थ्रॉटल बंद करून समोरच उतरेन. चाके वर गेली आणि निळ्या रेषेचा वेग हाती आहे, तरच चढण्याचा प्रयत्न करीन. आणि निळी रेषा टिकत नसेल तर? तर समोर, पंख समतल ठेवून, ताब्यात असलेल्या विमानाने शेतात उतरणे हे हवेत उलटण्यापेक्षा कितीतरी पटीने जगण्याजोगे आहे. हे वाक्य मनाने मान्य केलेले असले पाहिजे, कारण त्या क्षणी मन विमान वाचवायला धावते.

किमान नियंत्रण वेगाचे प्रात्यक्षिक

हा सराव संपेल तेव्हाही विमान जमिनीपासून ३००० फुटांच्या वर असले पाहिजे, अशी अमेरिकी परीक्षेची अट आहे, आणि ती कुठेही पाळावी अशी आहे. १९६० च्या दशकात हीच प्रात्यक्षिके कमी उंचीवर करण्याची पद्धत होती, आणि पायपर ट्विन कोमांचेसारख्या विमानांच्या अपघातांतून त्याची जबर किंमत मोजावी लागली. सुरुवात करण्यापूर्वी वळण घेऊन आजूबाजूचे व खालचे आकाश पाहून घ्यावे. प्रशिक्षणाच्या क्षेत्रात विमानांची गर्दी असते. ऑस्ट्रेलियातील मँगलोरजवळ १९ फेब्रुवारी २०२० रोजी एक सेमिनोल आणि एक बीच ट्रॅव्हल एअर अशी प्रशिक्षणाची दोन विमाने हवेत आदळून चौघांचा मृत्यू झाला.

चाके वर, फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेचे खाली वळणारे भाग) जमीन सोडताना ठेवतात त्या स्थितीत, प्रॉपेलरचे लिव्हर पूर्ण पुढे. ठरलेल्या सुरक्षित वेगाच्या वर राहून महत्त्वाच्या इंजिनाची, म्हणजे जे बंद पडल्यावर विमान सांभाळणे अधिक कठीण जाते त्याची, शक्ती हळूहळू कमी करावी आणि दुसऱ्याची पूर्ण वाढवावी. दोन्ही प्रॉपेलर मागून पाहता उजवीकडे फिरणारे असतील, तर डावे इंजिन महत्त्वाचे, कारण उजव्या इंजिनाची ओढ विमानाच्या मध्यरेषेपासून अधिक दूर असते. सेमिनोलमध्ये प्रॉपेलर एकमेकांच्या उलट फिरतात, म्हणून तेथे असा फरक नाही. आता चालू इंजिनाच्या बाजूला कल देऊन नाक थोडे थोडे वर घ्यावे, वेग सेकंदाला साधारण १ नॉट या दराने उतरू द्यावा. घाईने नाक उचलले, तर चिन्हे दिसण्यापूर्वीच विमान त्या सीमेपलीकडे गेलेले असते.

येथे पायाकडे लक्ष द्यावे. सुरुवातीला पेडलवरचा दाब थोडासा असतो, मग मांडीपर्यंत जाणवू लागतो, आणि मग एका क्षणी पेडल पुढे जायचेच थांबते, ते टोकाला टेकलेले असते. दूरच्या ढगावर किंवा डोंगरावर रोखलेले नाक अजून जागेवर असते. वेग आणखी एखाद नॉट उतरतो, आणि ते नाक बंद इंजिनाच्या दिशेने सरकू लागते: झटका नाही, आवाज नाही, फक्त सरकणे. हे सरकणे, स्टॉलचा इशारा, विमानाची थरथर, किंवा पेडल टोकाला टेकणे, यांपैकी जे आधी येईल त्याच क्षणी सुटका सुरू करावी. कोणते चिन्ह आधी येते ते पाहण्यासाठी दुसऱ्याची वाट पाहू नये.

सुटकेसाठी दोन गोष्टी एकाच वेळी कराव्या लागतात: चालू इंजिनाचा थ्रॉटल मागे घेणे आणि नाक खाली करणे. दोन्ही मनाला पटत नाहीत, कारण विमान खाली जात असताना शक्ती कमी करणे आणि जमिनीकडे नाक वळवणे उलटे वाटते. पण नाक वळवणारी गोष्ट चालू इंजिनाची शक्तीच आहे. ती काढली की वळणे थांबते, आणि नाक खाली गेले की रडरला पुन्हा हवा मिळते. एलेरॉनने, म्हणजे विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या पंखांवरच्या झडपांनी, पडणारा पंख उचलण्याचा प्रयत्न टाळावा. स्टॉलच्या उंबरठ्यावर तो स्पिनला आमंत्रण देतो. वेग सुरक्षित आकड्याच्या वर आला, नाक सरळ झाले, मग कल राखत चालू इंजिनाची शक्ती हळूहळू वाढवावी आणि निळ्या रेषेवर स्थिर व्हावे. प्रशिक्षणार्थ्याने हा थ्रॉटल स्वतःहून, कोणी न सांगता मागे घेतला, तर या सरावाचा उद्देश पूर्ण झाला.

उड्डाणानंतर लगेचचा सराव

सर्वाधिक काळजी घ्यावी लागते ती येथे. धावपट्टीवरील सरावात इंजिन बंद करायचे ते किमान नियंत्रण वेगाच्या निम्म्याहून कमी वेगाला. हवेत गेल्यावर जमिनीजवळ इंजिन बंद करण्यासाठी मिक्श्चर (हवा-इंधन मिश्रणाचा लिव्हर) किंवा इंधनाचा कॉक कधीही वापरू नये. फक्त थ्रॉटल मागे घ्यावा, म्हणजे गरज पडताच शक्ती परत मिळते. ज्या उंचीवर आणि वेगावर थ्रॉटल मागे घ्यायचा ती मर्यादा प्रशिक्षकाने आधी लिहून ठेवावी, आणि प्रॉपेलर फेदर झाल्यासारखी (पाती हवेच्या प्रवाहाला समांतर वळून अडथळा कमीत कमी झाल्यासारखी) स्थिती दाखवायची असेल तेव्हा पुस्तिकेत दिलेल्या शून्य ओढीच्या शक्तीवर, म्हणजे प्रॉपेलर विमानाला ना पुढे ना मागे ओढतो अशा शक्तीवर, थ्रॉटल ठेवावा, आयडलवर (सर्वांत कमी शक्तीवर) सोडू नये. आयडलवर फिरणारा प्रॉपेलर विमानाला मागे ओढतो, आणि त्यामुळे सराव खऱ्या बिघाडाहूनही कठीण होऊन बसतो.

हा फरक किती महाग पडू शकतो, ते २२ मार्च २०१० रोजी ऑस्ट्रेलियातील डार्विन येथे दिसले. तीस आसनी एम्ब्रेअर ब्राझिलिया विमानात उड्डाणानंतर लगेच डाव्या इंजिनाचा बिघाड दाखवण्यासाठी शक्ती शून्य ओढीऐवजी फ्लाइट आयडलवर आणली गेली. विमान ताब्यातून गेले आणि दोन्ही वैमानिकांचा मृत्यू झाला. ३० मे २०१७ रोजी त्याच देशात रेन्मार्कजवळ सेस्ना ४४१ या लहान टर्बोप्रॉप विमानात वैमानिकाच्या तपासणीच्या उड्डाणात असाच सराव चालू होता आणि विमानात तिघे होते. ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासात असे दिसले की शेवटच्या सुमारे ३० सेकंदांत विमानाला अपेक्षित चढही मिळत नव्हता आणि ठरलेला वेगही मिळत नव्हता, तरीही सराव थांबवला गेला नाही. तिघेही गेले. विमानातली माणसे अननुभवी नव्हती. तीस सेकंद हा काळ थ्रॉटल पुढे ढकलण्यासाठी पुष्कळ आहे. पण विमानाचा वेग मिळत नाही हे ज्याच्या लक्षात यायचे, त्याचे लक्ष त्या वेळी दुसऱ्याच्या कामगिरीकडे लागलेले असू शकते.

यावरून एक साधा नियम करता येतो आणि मी तो आग्रहाने सुचवतो. जमिनीजवळच्या सरावात निळ्या रेषेखाली ५ नॉट उतरले, किंवा चढ दिसायचा बंद झाला, की जो कोणी ते आधी पाहील त्याने “थांबवा” म्हणावे आणि प्रशिक्षकाने दोन्ही इंजिनांना समान शक्ती द्यावी. प्रशिक्षणार्थ्यालाही हा शब्द उच्चारण्याचा पूर्ण हक्क आहे. यात नापास होणे नाही, भित्रेपणा नाही. हे वाक्य प्रशिक्षकाने ब्रीफिंगमध्ये स्वतः उच्चारावे, कारण वरिष्ठ माणसासमोर ते न सांगता कोणी बोलत नाही.

ओळखणे, खात्री करणे, फेदर करणे

इंजिन गेल्यावर पहिले काम विमान सरळ ठेवण्याचे. बाकीची कामे त्यानंतर. मिक्श्चर, प्रॉपेलर, थ्रॉटल सर्व पुढे. फ्लॅप आणि चाके वर. मग कोणते इंजिन ते ओळखावे. ज्या पायाला काम नाही, त्या बाजूचे इंजिन बंद, ही जुनी खूण उत्तम आहे, पण ती पुरेशी नाही. संशयित इंजिनाचा थ्रॉटल सावकाश पूर्ण मागे घ्यावा: काहीच बदल झाला नाही, पायावरचा दाब वाढला वा घटला नाही, तर इंजिन बरोबर ओळखले आहे. तैपेई येथे ४ फेब्रुवारी २०१५ रोजी ट्रान्सएशियाच्या एटीआर विमानात एका इंजिनाचा प्रॉपेलर फेदर झाल्यावर चालू इंजिनाची शक्ती मागे घेतली गेली आणि विमान नदीत कोसळले. ते मोठे प्रवासी विमान होते, दोन प्रशिक्षित वैमानिक चालवत होते, आणि तरीही हे घडले. म्हणून हात प्रॉपेलरच्या लिव्हरवर गेला की बाजूचे नाव मोठ्याने घ्यावे आणि दुसऱ्याने ते तपासून दुजोरा द्यावा, तेवढा एक सेकंद थांबावे.

फार वेळ मात्र थांबू नये. अनेक लहान विमानांत प्रॉपेलरचे फेरे ठराविक आकड्याखाली गेले की फेदर होऊ न देणारी खीळ आपोआप बसते. सेमिनोलमध्ये हा आकडा मिनिटाला ९५० फेरे आहे. सरावात प्रत्यक्ष फेदर करायचे असेल तर ते ३००० फुटांच्या वर आणि उतरता येईल अशा विमानतळाजवळच करावे, कारण फेदर केलेले इंजिन पुन्हा सुरू होईलच याची खात्री कोणी देऊ शकत नाही. इंजिन सुरक्षित झाल्यावर विमान चालू इंजिनाकडे २ ते ३ अंश कलवून, घसरण दाखवणाऱ्या उपकरणातला चेंडू त्याच बाजूला अर्धा बाहेर ठेवून उडवावे. चेंडू मधोमध आणण्याच्या सवयीने येथे चढ वाया जातो.

एका इंजिनावर उतरताना

उतरण्याचे वर्तुळ नेहमीपेक्षा मोठे करण्याची गरज नाही, पण पूर्ण फ्लॅप शेवटी, धावपट्टीवर पोहोचणार याची खात्री झाल्यावरच द्यावेत. ज्या उंचीखाली पुन्हा वर जायचे नाही, ती उंची आधी ठरवावी. तिच्याखाली चाके आणि फ्लॅप खाली असताना एका इंजिनावर गो-अराउंड (उतरणे सोडून पुन्हा चढणे) करू नये, भले मग धावपट्टीच्या शेवटी गवतात जावे लागले तरी चालेल. सरावात कोणी धावपट्टीवर आले किंवा अंतर चुकले, तर प्रशिक्षकाने खरेखुरे दुसरे इंजिन लगेच वापरावे आणि तसे स्पष्ट बोलून दाखवावे.

प्रशिक्षकाच्या आसनावरून

प्रशिक्षकाचे पाय पेडलच्या इतके जवळ असावेत की प्रशिक्षणार्थ्याने चुकीचा पाय दाबला तर तो अर्ध्या अंतरावर अडवता येईल. चुकीच्या रडरने विमान इतक्या वेगाने फिरते की तोंडी सूचनेला वेळ राहत नाही. पुरेशी उंची असेल तर सर्वांत जलद उपाय म्हणजे चालू इंजिनही मागे घेऊन दोन्ही बाजू समान करणे; जमिनीजवळ असेल तर मागे घेतलेले इंजिन पुढे ढकलणे. हे दोन वेगवेगळे प्रतिसाद आहेत, आणि कोणत्या उंचीच्या वर पहिला व खाली दुसरा, हे प्रशिक्षकानेही स्वतःसाठी लिहून ठेवावे. थंड हवेत इंजिन फार वेळ आयडलवर ठेवले तर ते शक्ती मागताच अडखळते, म्हणून सरावादरम्यान इंजिनाचे तापमान पाहत राहावे आणि मधूनमधून थोडी शक्ती देऊन ते ऊबदार ठेवावे.

उड्डाण संपल्यावर चर्चा करताना प्रशिक्षणार्थ्याला आधी विचारावे, की इंजिन मागे घेतले तेव्हा वेग किती होता आणि सर्वांत कमी किती झाला. त्याला आकडा सांगता आला नाही, तर पुढचे उड्डाण जमिनीजवळच्या सरावाचे न ठेवता उंचीवरच, वेगदर्शकावर नजर ठेवण्याच्या सरावाचे ठेवावे.